सहा पट्ट्यांचा जमाखर्च: स्ट्रीट फायटर ६ मध्ये ड्राइव्ह गेज कसा सांभाळायचा

स्ट्रीट फायटर ६ या लढाईच्या व्हिडिओ गेममध्ये मॅच हरली की बहुतेक खेळाडू नवा कॉम्बो, म्हणजे एकामागोमाग लागणाऱ्या फटक्यांची साखळी, शिकायला बसतात. कॉम्बो हाताला बसतोही, पण खऱ्या मॅचमध्ये तो मारायची वेळ येते तेव्हा लाइफच्या पट्टीखालचा हिरवा ड्राइव्ह गेज, म्हणजे खास चालींसाठीचा साठा, संपलेला असतो. हा गेज म्हणजे घरखर्चासाठी हातात आलेली ठराविक रक्कम आहे. मोठी खरेदी सगळ्यांच्या लक्षात राहते, किरकोळ खर्चाची नोंद कुणी ठेवत नाही आणि महिनाअखेरीला पैसे गेले कुठे ते कळत नाही. म्हणून हा लेख अंदाजपत्रक आखताना जो क्रम पाळतात त्याच क्रमाने लिहिला आहे: आधी दर, मग आवक, मग नोंद, मग राखीव रक्कम, आणि शेवटी खर्चाची वाटणी. क्रम उलटा केलात, म्हणजे वाटणीपासून सुरुवात केलीत, तर दोन दिवसांत जुन्या सवयी परत येतील.

मुद्दे कुठल्याही कॅरेक्टरला लागू आहेत. उदाहरणं र्‍यू या कॅरेक्टरची घेतली आहेत, कारण त्याच्या चाली सरळ आहेत.

तयारी: ट्रेनिंग मोड खऱ्यासारखा करा

ट्रेनिंग मोडमध्ये गेज आपोआप भरून येण्याची सोय असते. कॉम्बो पाठ करताना ती उपयोगी पडते, पण इतर वेळी तिनेच सवय बिघडते. तासभर फुकटच्या पट्ट्या उधळल्या की खर्च जाणवतच नाही. सेटिंगमध्ये जाऊन ड्राइव्ह गेज मॅचमध्ये जसा चालतो तसा ठेवा. फ्रेम मीटर, म्हणजे कुठली चाल किती वेळ घेते ते दाखवणारी पट्टी, चालू करा. पुढे त्याची गरज लागेल.

शेवटच्या पाच-सहा हरलेल्या मॅचचे रिप्ले बाजूला काढून ठेवा. जिंकलेल्या मॅच नकोत, कारण त्यांत उधळपट्टी झाकली जाते.

मॉडर्न कंट्रोल, म्हणजे सोपी केलेली बटणरचना, वापरत असाल तर आणखी एक गोष्ट आत्ताच तपासा. असिस्ट बटण धरून मारलेले काही कॉम्बो स्वतःहून गेज खर्च करतात. तुमच्या कॅरेक्टरच्या कुठल्या असिस्ट कॉम्बोमध्ये पट्ट्या कमी होतात ते एकेक करून बघा आणि लिहून ठेवा. हा खर्च तुम्ही न ठरवता होतो, त्यामुळे तो माहीत असायलाच हवा.

टप्पा १: दर तोंडपाठ करा

प्रत्येक फेरीची सुरुवात ६ पट्ट्यांनी होते. त्यातून काय काय विकत मिळतं ते असं:

- ड्राइव्ह पॅरी (बटणं धरून येणारा हल्ला झेलणं): सुरू करायला अर्धी पट्टी, आणि बटणं धरून ठेवाल तेवढा वेळ आणखी गळती
- पॅरीतून ड्राइव्ह रश (झपाट्याने पुढे धावणं): पॅरीचा खर्च धरून एकूण १ पट्टी
- ड्राइव्ह इम्पॅक्ट (समोरचे फटके पचवत मारलेला जड हल्ला): १ पट्टी
- ओव्हरड्राइव्ह, म्हणजे ओडी स्पेशल (कॅरेक्टरच्या खास चालीची जोरदार आवृत्ती): २ पट्ट्या
- ड्राइव्ह रिव्हर्सल (ब्लॉक करतानाच समोरच्याला मागे ढकलणारा फटका): २ पट्ट्या
- नॉर्मल (साधा फटका) कॅन्सल करून, म्हणजे मध्येच तोडून, ड्राइव्ह रश: ३ पट्ट्या

शेवटचा दर दोनदा वाचा. पॅरीतून रश केला तर एक पट्टी, कॅन्सल करून केला तर तीन. पळत पुढे जाणं दिसायला सारखंच, किंमत तिप्पट. अर्धा गेज एका हालचालीत जातो आणि ती हालचाल ब्लॉक झाली तरी पैसे परत मिळत नाहीत.

आता यादीत न दिसणारा खर्च. समोरच्याचा हल्ला ब्लॉक केला की तुमचा गेज घटतो, आणि फटका जितका जड तितका जास्त घटतो. तुमची चाल फसून समोरच्याने पनिश काउंटर, म्हणजे त्या चुकीची शिक्षा देणारा फटका, मारला तरी गेज कमी होतो. म्हणजे काहीही विकत न घेता नुसतं बसून राहिलात तरी खर्च चालूच राहतो. नव्या खेळाडूंचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे: ब्लॉक म्हणजे सुरक्षित, असं त्यांना वाटतं. जीव वाचतो हे खरं, पण त्याचं भाडं द्यावं लागतं.

*इशारा:* हा गेम उधारी देतो. गेजमध्ये थोडंसं काही शिल्लक असलं तरी तुम्ही तीन पट्ट्यांचा रश मारू शकता. गेम अडवत नाही, सरळ बर्नआउटमध्ये, म्हणजे गेज पूर्ण संपल्याच्या स्थितीत, टाकतो. 'चाल निघाली म्हणजे परवडली' असं समजू नका.

*तपासणी:* डोळे मिटून सहाही दर सांगता आले पाहिजेत. अडखळलात तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: आवक कुठून होते ते समजून घ्या

गेज वेळेनुसार आपोआप भरतो. पुढे चालत राहिलात तर तो जरा लवकर भरतो. तुमचे फटके लागले तरी भर पडते. पॅरीने हल्ला यशस्वीपणे अडवला तर गेज परत मिळतो, म्हणूनच पॅरी हा एकाच वेळी खर्चही आहे आणि कमाईही. हल्ला आला तर फायदा, नाही आला तर तोटा.

इतकं कळलं की मागे मागे सरकत ब्लॉक करत राहण्याची सवय किती महाग आहे ते लक्षात येतं. खर्च चालू, आवक मंद, आणि पाठ कोपऱ्याला. थोडं पुढे चाला, थांबा, समोरच्याला चाल करायला लावा. पुढे टाकलेल्या प्रत्येक पावलाची दोन्हीकडे मदत होते, जागाही मिळते आणि गेजही.

खर्च केल्यानंतर लगेच भर सुरू होत नाही, थोडा वेळ जातो. म्हणून अर्ध्या-अर्ध्या पट्टीचा खर्च सतत करत राहणारा खेळाडू एकदाच दोन पट्ट्या खर्च करणाऱ्यापेक्षा लवकर रिकामा होतो.

टप्पा ३: काहीही बदलण्याआधी नोंद करा

हा टप्पा सगळे टाळतात, आणि खरं काम इथेच आहे. बाजूला काढलेला एक रिप्ले लावा, गेजवर नजर ठेवा आणि पट्टी कमी झाली की थांबवा. कागदावर चार रकाने करा: ठरवून, घाबरून, चुकून, ब्लॉकमध्ये. प्रत्येक घट यापैकी एका रकान्यात टाका.

एक नमुना बघा. र्‍यू विरुद्ध केन, फेरीची सुरुवात, दोघांकडे ६. र्‍यूला वाटतं की केन हाडोकेन (लांबून फेकलेला ऊर्जेचा गोळा) टाकणार, म्हणून तो पॅरी धरून ठेवतो. हाडोकेन येतच नाही. साधारण एक पट्टी गेली, रकाना 'घाबरून'. उरल्या ५. मग र्‍यू बसून मिडियम किक मारतो आणि ती लागली का ते न बघताच कॅन्सल करून रश मारतो. केनने ब्लॉक केलेलं आहे. तीन पट्ट्या गेल्या. खेळाडू म्हणेल की हा खर्च ठरवून केला होता. मी तो 'चुकून'मध्येच टाकेन, कारण बोटांनी सवयीने केला. उरल्या २. आता केनची पाळी, त्याचे दोन-तीन फटके ब्लॉक होतात, उरली दीड. दडपण आलं म्हणून र्‍यू ओडी शोर्‍यूकेन (वर झेपावत मारलेला ठोसा) मारतो. दर दोन पट्ट्या, खिशात दीड. चाल निघते, केन ती ब्लॉक करतो, र्‍यू खाली येईपर्यंत केनचा मोठा कॉम्बो तयार असतो. घड्याळात अजून भरपूर सेकंद शिल्लक आहेत आणि र्‍यू बर्नआउटमध्ये आहे.

सहाच्या सहा पट्ट्या गेल्या आणि 'ठरवून' हा रकाना कोरा राहिला. तुमच्या पहिल्या कागदावरही याच्या आसपासच चित्र दिसण्याची शक्यता आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण कागद बघितल्याशिवाय ते पटत नाही.

'चुकून' या रकान्यात एक नेहमीचा गुन्हेगार असतो. कॅन्सल होणाऱ्या नॉर्मलनंतर दिशा दोनदा पुढे दाबली की कॅन्सल रश निघतो. फटका मारून डॅशने जवळ जायच्या नादात बोट लवकर हलतं आणि तीन पट्ट्या जातात. रिप्लेमध्ये असा रश दिसला तर फटका पूर्ण संपेपर्यंत थांबून मगच डॅश करण्याचा वेगळा सराव करा.

*तपासणी:* किमान तीन मॅचची नोंद हवी. एका मॅचवरून सवय कळत नाही.

टप्पा ४: आधी गळती थांबवा

नोंदीत 'घाबरून' आणि 'चुकून' मिळून जेवढं दिसतं तेवढी तुमची बचत आहे, आणि तिच्यासाठी एकही नवा कॉम्बो शिकायची गरज नाही. सगळ्या गळत्या एकदम बंद करायला जाऊ नका. सर्वांत मोठी एकच निवडा.

बहुतेकांची सर्वांत मोठी गळती असते विनाकारण धरलेली पॅरी. तिच्यावरचा उपाय सोपा आहे: पॅरी फक्त डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीसाठी. प्रोजेक्टाइल (हाडोकेनसारखं फेकलेलं काही) हातातून सुटलेलं दिसलं, उडी मारलेली दिसली, तर पॅरी. 'आता काहीतरी येईल' असं वाटलं तर साधा ब्लॉक. जवळून धरलेली पॅरी तर दुहेरी नुकसान करते, कारण पॅरीत असताना थ्रो (पकडून फेकणं) लागला तर तो पनिश काउंटर ठरतो आणि नेहमीपेक्षा बराच जास्त लागतो.

दुसरी गळती, झोपेतून उठल्यासारखा मारलेला ड्राइव्ह इम्पॅक्ट. तो निघायला २६ फ्रेम लागतात. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे समोरच्याला जवळजवळ ०.४३ सेकंद मिळतात. लक्ष असलेल्या माणसाला एवढा वेळ पुरतो. इम्पॅक्ट दोन फटके पचवतो, पण समोरच्याने उलट इम्पॅक्ट मारला, थ्रो केला किंवा सुपर (वेगळ्या गेजवर चालणारी सर्वांत मोठी चाल) मारला तर पट्टीही जाते आणि लाइफही. समोरचा एखाद्या लांब चालीत अडकलेला दिसला, किंवा तोच तोच एक फटका पुन्हा पुन्हा मारतोय हे ओळखलं, तरच तो काढा.

टप्पा ५: राखीव दोन पट्ट्या

आता राखीव ठरवा. माझा आकडा दोन आहे, आणि सुरुवातीला तोच धरा असं मी आग्रहाने सांगेन.

कारण हे आहे. समोरच्याने इम्पॅक्ट काढला की सगळ्यात खात्रीचं उत्तर म्हणजे आपला इम्पॅक्ट, आणि त्याला एक पट्टी लागते. तुमच्याकडे बरोबर एकच पट्टी असेल तर उत्तर देता देता तुम्ही रिकामे होता. दुसरी पट्टी त्यासाठी आहे, आणि मध्ये एखादा जड फटका ब्लॉक करावा लागला तरी हात मोकळा राहावा यासाठीही. शिवाय कोपऱ्यात अडकलात तर ड्राइव्ह रिव्हर्सलचा दरही दोनच आहे.

राखीव पट्ट्यांना हात लावायच्या दोनच परवानग्या: समोरच्याच्या इम्पॅक्टला उत्तर देण्यासाठी, किंवा फेरी संपवण्यासाठी. रिव्हर्सल हा तिसरा, नाइलाजाचा मार्ग, आणि त्यातून बर्नआउट होणार नाही इतकी शिल्लक असेल तरच.

*सराव:* ट्रेनिंग मोडमध्ये डमीला, म्हणजे सरावासाठीच्या प्रतिस्पर्ध्याला, ड्राइव्ह इम्पॅक्ट रेकॉर्ड करून द्या, दुसऱ्या स्लॉटमध्ये साधी चाल, तिसऱ्यात उडी. तिन्ही आलटून-पालटून चालू ठेवा आणि तुम्ही समोर नेहमीसारखे खेळत राहा. फक्त इम्पॅक्टची वाट बघत उभे राहिलात तर सराव खोटा ठरतो, कारण मॅचमध्ये लक्ष दहा ठिकाणी असतं.

टप्पा ६: उरलेल्या चार पट्ट्यांची वाटणी

दोन राखीव काढल्या की फेरीच्या सुरुवातीला खर्चाला चार उरतात. कुठलाही मोठा खर्च करण्याआधी तीन प्रश्न आहेत. फटका लागलाय का? यातून फेरी संपते का? यातून समोरचा कोपऱ्यात जातो का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर खर्च करू नका.

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि त्यावरच सगळ्यात जास्त घाम गाळावा लागतो. बसून मिडियम किक लागली की ब्लॉक झाली हे एका फटक्यात ओळखून रश मारणं बहुतेकांना जमत नाही, वेळच फार कमी असतो. म्हणून दोन फटक्यांनी सुरुवात होणारा क्रम निवडा. पहिला फटका लागताना डोळे समोरच्याच्या अंगावर, दुसरा फटका पडेपर्यंत निर्णय. सराव असा करा:

१. डमीचा ब्लॉक रँडमवर ठेवा, म्हणजे कधी लागेल, कधी अडेल.
२. दोन फटके मारा. लागले तर कॅन्सल रश आणि पुढचा कॉम्बो. अडले तर काहीही करू नका, ब्लॉकवर परत या.
३. अडल्यावरही रश निघाला की मोठ्याने 'तीन' म्हणा. ऐकायला विचित्र वाटेल, पण किंमत कानावर पडली की बोट आवरतं.
४. कॅन्सलचा भाग वगळून, नुसतं 'थांबणं' हाही सराव वेगळा करा. न मारणं शिकायला जास्त वेळ लागतो.

ब्लॉकवर मारलेला रश नेहमीच वाया जातो असं नाही. ड्राइव्ह रशनंतरच्या नॉर्मलला ४ फ्रेमचा जादा फायदा मिळतो, त्यामुळे तुमची पाळी चालू राहते. समोरचा कोपऱ्यात असेल आणि त्याचा गेज दोनच्या खाली आला असेल तर तीन पट्ट्या घालून त्याला रिकामं करणं हा चांगला सौदा आहे. मैदानाच्या मध्यावर, त्याच्याकडे पाच पट्ट्या असताना, तोच सौदा वाईट आहे.

जवळ जायचं असेल तर पॅरीतून मारलेला एका पट्टीचा रश स्वस्त पडतो, पण एकाच अंतरावरून लागोपाठ मारला की समोरचा आधीच फटका ठेवून बसतो. ओडी स्पेशल कॉम्बोच्या शेवटी वापरायची की मध्ये, हे तुमच्या कॅरेक्टरवर आहे. ट्रेनिंग मोडमध्ये दोन्ही करून नुकसानाचा आकडा बघा. दोन पट्ट्या जास्त घालून फरक मामुली पडत असेल तर साधी स्पेशल मारा.

टप्पा ७: मुद्दाम रिकामं कधी व्हायचं

घरखर्चाशी तुलना इथे सोडून द्यायची, कारण ड्राइव्ह गेज पुढच्या फेरीत जात नाही. पुढची फेरी पुन्हा ६ पट्ट्यांनीच सुरू होते. उलट सुपरचा गेज पुढे जातो. म्हणून फेरीच्या शेवटाला ड्राइव्ह आधी खर्च करा, सुपर वाचवता आला तर वाचवा. चार पट्ट्या शिल्लक ठेवून हरलेली फेरी ही उधळपट्टीइतकीच मोठी चूक आहे, आणि नोंद करायला लागलेल्या काटकसरी खेळाडूंकडून ती हमखास होते.

त्यासाठी आकडे माहीत हवेत. बहुतेक कॅरेक्टरचं लाइफ १०,००० असतं. झांगीफचं ११,००० आणि अकुमाचं ९,०००. तुमचे तीन कॉम्बो निवडा: गेजशिवायचा, कॅन्सल रशचा, आणि सगळं घालून सुपरपर्यंत जाणारा. प्रत्येकाचं नुकसान लिहून ठेवा आणि लाइफच्या पट्टीवर तेवढा भाग डोळ्यांनी ओळखायला शिका. समोरच्याचं लाइफ त्या खुणेखाली आलं की राखीव पट्ट्यांसकट सगळं खर्च करायची परवानगी.

*इशारा:* 'बहुधा मरेल' या अंदाजावर रिकामे होऊ नका. समोरचा जरासा उरला आणि तुम्ही बर्नआउटमध्ये, ही स्थिती फेरी उलटवते.

टप्पा ८: बर्नआउट झालंच तर

बर्नआउटमध्ये एकही ड्राइव्ह चाल निघत नाही, स्पेशल ब्लॉक केल्या तरी लाइफ घटतं, आणि प्रत्येक ब्लॉकनंतर तुम्ही ४ फ्रेम जास्त अडकता. कोपऱ्याला पाठ असताना इम्पॅक्ट ब्लॉक केलात तर स्टन होतं, म्हणजे काही काळ हलताच येत नाही, आणि समोरच्याला पूर्ण कॉम्बो मोकळा मिळतो. पण बर्नआउट संपलं की गेज पूर्ण भरून येतो. तेव्हा या काळातलं काम एकच, तोवर टिकणं.

कोपऱ्यापासून लांब राहा. त्यासाठी थोडं लाइफ गेलं तरी चालेल. सुपर बर्नआउटमध्येही निघतो, म्हणून सुपरची एक लेव्हल इम्पॅक्टच्या उत्तरासाठी धरून ठेवा. सुपर नसेल तर इम्पॅक्ट दिसताच उडी मारा किंवा जवळ असाल तर थ्रो करा. घाबरून सतत शोर्‍यूकेन मारणं बंद करा. ब्लॉक झालेला एक शोर्‍यूकेन बर्नआउटमधल्या सगळ्या चिप डॅमेजपेक्षा (ब्लॉक करूनही घटणाऱ्या लाइफपेक्षा) महाग पडतो.

समोरचा बर्नआउटमध्ये गेला तर उलट वागा: त्याला कोपऱ्याकडे ढकला, इम्पॅक्टसाठी एक पट्टी तयार ठेवा, आणि घाईत उड्या मारून त्याला मोकळं करू नका.

टप्पा ९: आढावा

दर बैठकीनंतर एक हरलेली मॅच घ्या आणि तेच चार रकाने पुन्हा भरा. 'ठरवून'चा आकडा वाढतोय का, एवढंच बघा. रँक किंवा गुण बघू नका, ते समोर कोण आला यावरही ठरतात.

एका वेळी एकच सवय बदला. पॅरीची गळती थांबली की मगच इम्पॅक्टकडे वळा, मग कॅन्सल रशकडे. 'ब्लॉकमध्ये' हा रकाना सर्वांत शेवटी घ्या. तो कमी करायला जागा राखणं, समोरच्याच्या उड्या पाडणं, थ्रो तोडणं असं बरंच काही यावं लागतं. तो मोठा दिसत असेल तर पुढच्या बैठकीची सुरुवात समोरच्याची उडी हवेतच पाडण्याच्या सरावाने करा, कारण सर्वांत लांबलचक ब्लॉक बहुतेक वेळा न अडवलेल्या उडीनंतरच सुरू होतात.